बाकावरची जर्सी

न्यू जर्सीत मार्च उजाडला की दोन गोष्टी हमखास होतात. बर्फ वितळून अंगणात गेल्या वर्षी विसरलेल्या वस्तू दिसायला लागतात, आणि देशी आईबापांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'ट्रायआउट' हा शब्द फिरायला लागतो. कोणाची मुलगी कुठे गेली, कोणाला ऑफर आली, कोणाच्या मुलाला 'ए' टीम मिळाली, कोणाच्या वाट्याला 'बी' आली. दहावीच्या निकालाच्या दिवशी सदाशिव पेठेत जे वातावरण असायचं ना, तेच. फक्त पेढे नसतात.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इथे मुलांच्या बास्केटबॉलचे ढोबळमानाने तीन मजले आहेत. तळमजल्यावर गावची रिक्रिएशन लीग. नाव घातलं की प्रवेश, फी माफक, कोच म्हणजे कुणाचे तरी बाबा. त्याच्यावर गावाची निवडक टीम, ती शेजारच्या गावांशी खेळते. आणि सगळ्यात वर खासगी क्लबांच्या टीम, ज्यांना सगळे सरसकट 'एएयू' म्हणतात. एएयू म्हणजे अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन. ही संस्था १८८८ सालची, म्हणजे खुद्द बास्केटबॉलपेक्षा तीन वर्षांनी मोठी! जेम्स नेस्मिथने पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकून हा खेळ सुरू केला तो १८९१ च्या डिसेंबरात. आज मात्र एएयू म्हटलं की लोकांना संस्था आठवत नाही. आठवतात ते शनिवार-रविवार चालणाऱ्या स्पर्धा, एकाच छपराखाली सहा-आठ कोर्ट, शिट्ट्यांचा गदारोळ आणि दाराशी दर माणशी घेतलं जाणारं प्रवेशशुल्क. हो, आपल्याच पोरीचा खेळ बघायला तिकीट!

आमच्या भागात ट्रायआउट म्हणजे दीड तासाचा मामला. पन्नास-साठ मुली, पाठीवर नंबर चिकटवलेले, कोपऱ्यात पॅड घेऊन उभे असलेले दोन-तीन कोच. दोन दिवसांत ईमेल येते: अभिनंदन, तुमच्या मुलीची निवड झाली आहे, जागा पक्की करायची असेल तर ४८ तासांत डिपॉझिट भरा. दीड तासाच्या इंटरव्ह्यूवर नोकरी देणाऱ्या आमच्या धंद्याला मी काय बोलणार म्हणा! पण आम्ही निदान फोनवर पगाराची घासाघीस करायला वेळ देतो.

तर परवा माझ्या एका मित्राचा फोन आला. आम्ही एकाच बॅचचे, तो एडिसनला असतो, मुलगी पाचवीत. तिला दोन ऑफर आल्या होत्या. एक नावाजलेल्या क्लबची. जर्सीवर बड्या कंपनीचा लोगो, वेबसाइटवर कॉलेजात गेलेल्या मुलींचे फोटो. कोचने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की टीममध्ये दहा मुली असतील आणि ही त्यात नववी-दहावी. दुसरी ऑफर एका लहान क्लबची. तिथे ती पहिल्या पाचात, फार तर सहावी. मित्राचा कल अर्थातच पहिलीकडे. "अरे, आयआयटीत शेवटच्या नंबरावर का होईना, पण मिळत असेल तर कोणी सोडतं का?"

हे वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, यावर एक रविवार घालवायला हरकत नाही. कारण हा विचार फक्त त्याचा नाही, आपल्या अख्ख्या पिढीचा आहे. आपण कटऑफवर वाढलो. ज्याचा कटऑफ जास्त ते कॉलेज चांगलं, आणि चांगल्या कॉलेजात कसंही करून घुसायचं. आत गेल्यावर काय शिकलो, कोणाकडून शिकलो, हे प्रश्न नंतरचे. आणि कॉलेजच्या बाबतीत हा हिशोब फारसा चुकीचाही नव्हता. कॉलेजचं नाव सर्टिफिकेटवर छापलं जातं आणि पुढची वीस वर्षं रिझ्युमेवर बसून आपल्यासाठी दारं उघडतं.

पण अकरा वर्षांच्या मुलीच्या टीमचं नाव कुठे छापलं जातं? जर्सीवर. आणि ती जर्सी पुढच्या उन्हाळ्यात आखूड होते.

यावर उत्तर असं येतं, की आजची टीम म्हणजे उद्याची हायस्कूल टीम आणि परवाची कॉलेजची स्कॉलरशिप. जरा आकडे बघू. अमेरिकेत २०१८-१९ मध्ये साधारण ५ लाख ४० हजार मुलगे हायस्कूलकडून बास्केटबॉल खेळत होते, मुली चार लाखांच्या आसपास. एनसीएएच्याच अंदाजानुसार त्यातले जेमतेम साडेतीन टक्के मुलगे आणि चार टक्क्यांच्या आसपास मुली कॉलेजच्या टीमपर्यंत पोचतात. सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये तर शेकडा एखादाच. आणि हे शंभर म्हणजे रस्त्यावरचे शंभर नव्हेत, हायस्कूलच्या टीममध्ये आधीच निवडले गेलेले. त्यात आपली जनुकं! आमच्या घराण्यात गेल्या तीन पिढ्यांत सहा फुटांना हात लावलेला एकच माणूस झाला, आणि तोसुद्धा फेटा बांधून :)

म्हणजे स्कॉलरशिपच्या हिशोबाने टीम निवडणं हे लॉटरीचं तिकीट लागेल या भरवशावर घराचं कर्ज काढण्यासारखं आहे. लागलंच तर आनंदच आहे. पण आज हातात येणार आहे ती एकच गोष्ट: या हंगामात पोरगी काय खेळली आणि किती खेळली.

आता हे 'किती' मोजता येतं, आणि मी पडलो प्रोग्रामर, त्यामुळे मोजल्याशिवाय राहवत नाही. समजा सोळा-सोळा मिनिटांचे दोन हाफ. म्हणजे खेळ ३२ मिनिटांचा. एका वेळी कोर्टवर पाच जणी, म्हणजे वाटायला एकूण १६० मिनिटं. दहा मुलींत सारखी वाटली तर प्रत्येकीला सोळा. हंगामात आठ स्पर्धा आणि प्रत्येक स्पर्धेत चार सामने धरले, तर ३२ सामने. सोळा मिनिटांच्या हिशोबाने ५१२ मिनिटं. आता जिंकण्यासाठी झटणाऱ्या टीममधल्या दहाव्या मुलीला सामन्यामागे चार मिनिटं मिळाली असं धरू, आणि हा अंदाज काही कंजूष नाही. हंगामाची झाली १२८. फरक ३८४ मिनिटांचा, म्हणजे सहा तासांहून जास्त. तेवढ्या वेळासाठी सोळा-सतरा वीकएंडांपैकी आठ गाडीत आणि जिममध्ये घालवायचे, आणि फी तर दोघींची सारखीच!

आणि ही चार मिनिटं तरी कोणती? टीम वीस पॉइंटांनी पुढे असतानाची, नाहीतर वीसने मागे असतानाची. त्या वेळात कोणी अटीतटीने खेळत नसतं. शिवाय चार मिनिटंच मिळणार हे माहीत असलेली मुलगी कशी खेळते ते तुम्ही एकदा बघाच. बॉल हातात आला की निखारा आल्यासारखा लगेच दुसरीकडे टाकते. ड्रिबल करून आत घुसायचं धाडस करत नाही, कारण बॉल हिसकावला गेला तर पुन्हा बाकावर. म्हणजे ती चार मिनिटं ती खेळायला शिकत नाही, चूक टाळायला शिकते. आपल्याकडे नवीन इंजिनिअरला सहा महिने नुसता कोड वाचायला दिला आणि एकदाच कमिट करू दिलं, तेही सगळी टीम मागे उभी राहून बघत असताना, तर तो काय शिकेल? तेच आहे हे.

मायकेल जॉर्डनची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. 'त्याला शाळेच्या टीममधून काढून टाकलं होतं, तरी तो जिद्दीने पुढे आला', वगैरे. अशी गोष्ट मोटिव्हेशनवाल्यांना फार आवडते. खरं काय झालं ते जास्त उपयोगाचं आहे. १९७८ साली, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये तो दहावीत होता, उंची पाच फूट दहा इंच. शाळेच्या मुख्य टीममध्ये, म्हणजे व्हर्सिटीत, त्याच्या वर्गातला एकच मुलगा घेतला गेला: लीरॉय स्मिथ, कारण तो साडेसहा फुटांच्या वर होता. जॉर्डनला ठेवलं दुय्यम टीममध्ये, ज्युनिअर व्हर्सिटीत. काढून वगैरे कोणी टाकलं नव्हतं. आणि त्या दुय्यम टीममध्ये तो वर्षभर दणकून खेळला, टीमचा मुख्य खेळाडू म्हणून. पुढच्या वर्षी उंची वाढली आणि वरच्या टीमचं दार उघडलं. त्याला त्याचा राग होताच. २००९ साली हॉल ऑफ फेमच्या भाषणातसुद्धा त्याने लीरॉय स्मिथचं नाव घेतलं. पण मला विचाराल तर, ते वर्ष व्हर्सिटीच्या बाकावर टाळ्या वाजवण्यात गेलं असतं तर त्याचा खरा तोटा झाला असता. अर्थात जॉर्डन जॉर्डनच होता, बी टीममध्ये गेलेली प्रत्येक पोर काही जॉर्डन होत नाही. पण सगळ्या जगाने 'अपमान' म्हणून सांगितलेल्या गोष्टीत मिनिटं होती, हे कोणी सांगत नाही.

"पण ती टीम जिंकते रे," मित्र म्हणाला. जिंकते, मान्य. पण या वयात जिंकणं म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं, आणि त्यासाठी आपल्याच एका माणसाचं उदाहरण आहे. विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, टिबको ही सॉफ्टवेअर कंपनी काढणारे, आणि २०१३ पासून सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए टीमच्या मालकांतले प्रमुख. त्याच्या कितीतरी आधी कॅलिफोर्नियात रेडवुड सिटीला त्यांनी आपल्या मुलीच्या टीमचं कोचिंग केलं. बारा वर्षांच्या मुली, बऱ्याच जणी पूर्वी न खेळलेल्या. स्वतः रणदिवे क्रिकेट आणि सॉकरवर वाढलेले. त्यांना प्रश्न पडला की ९४ फुटांचं कोर्ट असताना सगळ्या टीम आपल्या अर्ध्यात मागे जाऊन का थांबतात? समोरच्यांना बॉल आत टाकतानाच का अडवत नाहीत? मग त्यांच्या मुलींनी अख्खा सामना पूर्ण कोर्टभर अडवाअडवी करायला सुरुवात केली, ज्याला 'फुल कोर्ट प्रेस' म्हणतात, आणि ही नवखी टीम थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचली. माल्कम ग्लॅडवेलने २००९ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये यावर लेख लिहिला आणि ते प्रकरण जगभर गाजलं.

मला ती गोष्ट मनापासून आवडते. दुबळ्याने बलाढ्याशी कसं लढावं याचा तो वस्तुपाठच आहे. पण पालक म्हणून तीच गोष्ट उलटी वाचून बघा. अकरा-बारा वर्षांच्या मुलींच्या हातात लांब पास फेकायची ताकद नसते आणि अंगावर दोघी धावून आल्या की डोकं चालत नाही. म्हणून या वयात प्रेस हमखास चालतो. बॉल हिसकावायचा, दोन पावलांवर बास्केट, पुन्हा तेच. अशा टीमचा निकाल ४०-८ असू शकतो आणि तरी त्यातल्या सात जणींना पंधरा फुटांवरून बॉल टाकता येत नसेल. पुढे हायस्कूलला समोरच्यांना प्रेस फोडता यायला लागतो, तेव्हा या मुलींच्या हातात काय उरतं? रणदिव्यांच्या मुली नवख्या होत्या, त्यांना तो डाव शोभला. पण मुली निवडून, फी घेऊन चालणारा क्लब वर्षभर तेच करत असेल, तर त्याच्या कपाटातल्या ढाली तुम्हाला कोचबद्दल काही सांगत नाहीत. सांगितलंच तर एवढंच सांगतात की त्याच्याकडे लवकर वाढलेल्या मुली जास्त आहेत.

मग बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी सराव आणि सामने यांचं प्रमाण. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल या दोघांनी मिळून २०१६ साली मुलांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यात ९ ते ११ वयासाठी आठवड्याला एक ते दोनच सामने आणि दोन वेळा सराव असं म्हटलंय. १२ ते १४ साठी जास्तीत जास्त दोन सामने आणि दोन ते चार वेळा सराव. आणि एकाच खेळाला वाहून घेणं १४ वर्षांनंतरच. आता एका शनिवार-रविवारी चार सामने आणि अख्ख्या आठवड्यात एक सराव, तोही अर्ध्या कोर्टवर, हे गणित याच्याशी कसं जुळवायचं? कोबी ब्रायंटने २०१५ च्या जानेवारीत हेच जरा कडक शब्दांत सांगितलं होतं: युरोपातली मुलं अमेरिकन मुलांपेक्षा जास्त कसबी असतात, कारण त्यांना खेळायला शिकवलं जातं, आणि इथे एएयूत ते होत नाही. त्याचं स्वतःचं बालपण इटलीत गेलेलं, त्यामुळे तो दोन्हीकडचं बघून बोलत होता. आणि नंतर तोच माणूस आपल्या मुलीच्या टीमचा कोच झाला. म्हणजे वाट टाकून द्या असं तो म्हणत नव्हता, नीट चाला असं म्हणत होता.

दुसरी गोष्ट, कोच. त्याची भाषणं ऐकू नका. त्याची टीम हरत असताना सामन्याचा दुसरा हाफ बघायला जा, आणि कुठल्यातरी मुलीच्या हातून बॉल गेला की कोचकडे बघा. तिला लगेच बाहेर काढतो, की पुढच्या वेळी तिच्याकडेच बॉल द्यायला सांगतो? ती मुलगी चुकल्यावर आधी कुठे बघते? बॉलकडे, की बाकाकडे? ज्या टीममधल्या मुली चुकल्यावर बाकाकडे बघतात, तिथे मी माझ्या मुलीला पाठवणार नाही, मग तिथे राष्ट्रीय विजेतेपद का असेना.

तिसरी, टीममध्ये किती मुली घेतल्यात. नऊ-दहा ठीक. चौदा असतील तर सरळ समजा की शेवटच्या चौघींच्या फीमधून पहिल्या पाच जणींचा प्रवास चाललाय. हा प्रश्न डिपॉझिट भरायच्या आधी विचारायचा, आणि ईमेलवर विचारायचा. जो क्लब ४८ तासांची मुदत घालतो पण या प्रश्नाला उत्तर देत नाही, त्याने उत्तर दिलेलंच असतं.

आता दुसरी बाजू. मित्र वकील व्हायला हवा होता. तो म्हणाला, "पण चांगल्यांबरोबर राहिल्याशिवाय आपण चांगले होतो का? कमकुवत टीममध्ये राजा होऊन काय उपयोग?" हा मुद्दा खरा आहे, आणि मी तो सोडून देणार नाही. टीममधली सगळ्यात भारी मुलगी होणंही वाईटच. समोर कोणी अडवणारं नसलं की उजव्या हाताच्या एकाच चालीवर चार वर्षं निघून जातात. म्हणून माझा ठोकताळा असा आहे: दहा मुलींत आपली मुलगी चौथी ते सातवी असावी. वर बघायला तीन-चार जणी, आणि तरी कोर्टवर भरपूर वेळ. आणि चांगल्यांबरोबर राहण्याचा फायदा होतो तो सरावात, जिथे त्यांना अडवावं लागतं. सामन्याला त्यांच्या शेजारी बाकावर पाण्याची बाटली धरून बसल्याने होत नाही. नावाजलेल्या क्लबात आठवड्याला तीन सराव असतील आणि त्यात दहावीलाही पहिलीच्या समोर उभं करत असतील, तर माझं मत बदलेल. मित्राला मी हेच विचारून घ्यायला सांगितलं.

आणि आणखी एक विचारायला सांगितलं, ते मुलीला. हे आपल्या डोक्यात शेवटी येतं. तिला काय हवंय? काही मुली खरंच अशा असतात की चार मिनिटांसाठी आठवडाभर झुरतात आणि त्यातून पेटून उठतात. असेल तशी, तर जाऊ द्या तिला. पण तसं तिने म्हणायला हवं, आपण तिच्या वतीने नाही. आणि 'तिकडे माझी मैत्रीण आहे' हे तिचं कारण असेल तर हसू नका. अकराव्या वर्षी तेच सगळ्यात भक्कम कारण असतं. भर पावसात सरावाला जायला लावणारी गोष्ट लोगो नसते, मैत्रीणच असते.

आमच्या घरी हा निर्णय दोन वर्षांपूर्वी झाला. लेक दहा वर्षांची होती. लहान टीम घेतली. त्याचा निकाल प्रामाणिकपणे सांगायचा तर हरणं जास्त, जिंकणं कमी. एकदा तर ४१-१२. ढाली-बिली काही नाहीत. पण डावा हात आला. प्रेस आला की दोघींच्या मधून बॉल काढता येतो. आणि सामना संपल्यावर गाडीत बसली की ती बोलते, न विचारता बोलते. कुठला पास चुकला, कोणाला कसं अडवायला हवं होतं. माझ्या दृष्टीने ते गाडीतलं बोलणं हाच स्कोअरबोर्ड. ज्या दिवशी ती गाडीत बसून नुसती खिडकीबाहेर बघायला लागेल, त्या दिवशी टीम कितीही भारी असली तरी मी काळजीत पडेन.

कारण पणाला लागलंय ते हेच. हे शनिवार-रविवार फुकट येत नाहीत. त्यात मराठी शाळा बुडते, भारतातून आलेले आजी-आजोबा जिमच्या लोखंडी पायऱ्यांवर शाल पांघरून बसतात, धाकट्याचं बालपण पार्किंग लॉटमध्ये जातं. एवढं सगळं घालून पोरगी चौदाव्या वर्षी 'मला आता नको' म्हणून बूट कपाटात टाकणार असेल, तर कुठल्या क्लबाची जर्सी होती याला काय अर्थ आहे? ती पंचवीस वर्षांची झाल्यावर कुठल्याशा नव्या शहरात, ओळखीचं कोणी नसताना, संध्याकाळी कोर्टच्या कडेला उभी राहून "मी येऊ का खेळायला?" असं विचारू शकली, आणि आत गेल्यावर तिला खेळता आलं, तर आमचे सगळे पैसे वसूल.

असो. फारच लांबलं. ट्रायआउटचा मोसम आहे, तुमच्याही इनबॉक्समध्ये ४८ तासांची घड्याळं टिकटिकत असतील. डिपॉझिटचं बटण दाबायच्या आधी एक सराव बघून या. लोगो बघू नका, मिनिटं मोजा.